वेंगुर्ल्याला दोन तासांत उरकू नका

दिवाळी जवळ आली की मला दरवर्षी तेच मेसेज यायला लागतात, अगं तुझं माहेर वेंगुर्ल्याचं ना, आम्ही मालवण करून गोव्याला चाललोय, वाटेत वेंगुर्ल्यात दोन तास आहेत, काय काय बघून होईल? आणि मी दरवेळी एकेकाला वेगवेगळं लांबलचक टाइप करत बसते, म्हणून यंदा सगळं एकदाच इथे लिहून ठेवतेय. आधीच सांगते, दोन तासांत बंदरावर फोटो काढून आणि सोलकढी पिऊन होईल, पण गाव दिसणार नाही. दोन रात्री ठेवा, जमलं तर तीन, आणि मालवण-गोवा हे दोन्ही सोडून नुसतं वेंगुर्लंच केलंत तरी चालेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी यायचं कसं ते. वेंगुर्ल्याला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी यापैकी एका ठिकाणी उतरायचं आणि तिथून रस्त्याने पाऊण तास ते तास. मुंबईहून कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी सोडते, तुतारी पण रात्रीचीच, दादरहून सुटते आणि सावंतवाडीपर्यंतच जाते, त्यामुळे झोपून राहिलात आणि स्टेशन गेलं अशी भीती नाही. मांडवी सकाळी निघते आणि संध्याकाळच्या आत पोचवते, दिवसभर खिडकीतून कोकण बघायचं असेल आणि लहान मुलं जागी राहत असतील तर मांडवीसारखी गाडी नाही. पण मी कुणालाही रात्रीचीच गाडी सांगते, कारण सकाळी उतरलात की स्टेशनवर रिक्षा असतात, एसटी मिळते, दिवस हातात राहतो. रात्री आठनंतर उतरणार असाल तर जिथे राहणार तिथल्या माणसांना आधीच सांगून गाडी ठरवून ठेवा, आयत्या वेळी शोधाशोध करायची ती जागा नाही. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी एकशेवीस होते), आणि गणपती, मे महिना, नाताळ या तिन्ही वेळेला उघडल्या उघडल्या संपतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको पण बाकीच्यांना सांगावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर जुन्या वेळा धरून पुढचं बुकिंग करू नका.

पुणे-कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी असं यावं. आंबोली घाट पावसात फार सुंदर दिसतो आणि तेवढाच धुक्याचा असतो, अंधार पडायच्या आत उतरा. बेळगावकरांचा तर हाच पूर्वापार रस्ता, घाटावरचा माल याच वाटेने वेंगुर्ला बंदरात यायचा आणि बोटीने मुंबईला जायचा, गाव वाढलं ते त्यामुळेच. विमानाचं म्हणाल तर चिपी विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथल्या फ्लाइट कधी असतात कधी नसतात, त्यामुळे चालू आहे का ते बघून मगच ठरवा. गोव्याचा मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून बरेच जण तिथे उतरून येतात, ते जास्त भरवशाचं आहे.

आता महत्त्वाचं. वेंगुर्ल्याला स्वतःचं घड्याळ आहे आणि तुम्ही त्याप्रमाणे वागलात तर सगळं मिळतं, नाहीतर बाहेरून येणारा माणूस चिडतो की इथे काहीच चालू नसतं. सकाळी सातला गाव जागं असतं, मासळी बाजार, फुलवाल्या, हॉटेलात उसळ-पाव आणि बटाटावडा, सगळं जोरात. दुपारी एकच्या आसपास दुकानं बंद व्हायला लागतात ती चार-साडेचारलाच उघडतात. जेवून झोपायचं, हे इथे आळसाचं लक्षण नाही, माणसं पहाटे उठलेली असतात. खानावळीत पण अडीचनंतर गेलात तर मासे संपलेले असतात, कारण सकाळी आणलं तेवढंच केलेलं असतं आणि ते चांगलंच आहे की! रात्री नऊनंतर बाजारात फारसं काही मिळत नाही. म्हणजे सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी तुम्ही पण झोपा, चारनंतर परत निघा. एवढं एक पाळलंत तर निम्म्या तक्रारी होणारच नाहीत.

दुसरं घड्याळ समुद्राचं. आमच्याकडे जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात, तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो पण किनाऱ्यावर कधी जायचं हे ठरवायला पुरतं, घरात कॅलेंडर असलं की झालं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि तेवढंच जोरात मागे खेचतं.

हे खेचणं मी मुद्दाम लिहितेय. आमचे किनारे दिसायला शांत आहेत, सागरेश्वर घ्या, वेळागर घ्या, सपाट वाळू, मागे सुरूची झाडं, पाणी गुडघाभर वाटतं, आणि तरीही माणसं बुडतात. बहुतेक वेळा लांबून आलेली, घाटावरची, एकाला वाचवायला दुसरा गेला आणि दोघेही गेले असं. बऱ्याच किनाऱ्यांवर सगळा वेळ जीवरक्षक नसतो. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी गुळगुळीत दिसतं तिथे पोहायला बरं असं वाटतं, खरं तर तिथूनच पाणी आत ओढत असतं. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि मग बाहेर. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, म्हणजे मोचेमाडला वगैरे, अजिबात उतरू नका. आणि किनाऱ्यावर मासेमार कोणी असतील तर आधी त्यांना विचारा, ते "हय नको" (इथे नको) म्हणाले की नको, त्यावर वाद घालू नका. ११२ हा नंबर सगळीकडे चालतो, अँब्युलन्सला १०८, आणि गावात उपजिल्हा रुग्णालय आहे. जून ते सप्टेंबर तर पाण्यात जायचंच नाही, लांबून बघायचं.

गावात काय बघायचं ते आता सांगते. सुरुवात बंदरापासून करा, संध्याकाळी पाचला. जेटीवर अर्धं गाव फिरायला आलेलं असतं, वरच्या डोंगरावर दीपगृह, आणि नवाबागच्या बाजूला खाडीवर झुलता पूल आहे, त्यावरून पलीकडे कोळीवाड्याकडे जाता येतं. पुलावर उड्या मारू नका, लोक रोजच्या जाण्यायेण्याला वापरतात. समुद्रात लांब, हवा स्वच्छ असली तर, काळे ठिपके दिसतात ते वेंगुर्ला रॉक्स, इंग्रजांनी त्यांना बर्न्ट आयलंड नाव दिलं होतं. तिथे गुहांमध्ये पाकोळी पक्ष्यांची मोठी वसाहत आहे आणि एक दीपगृहही आहे. तिथे नेतो म्हणणाऱ्या कुणाच्याही होडीत बसू नका, खडक धोक्याचे आहेत आणि पक्ष्यांना त्रास होतो ते वेगळंच. होडीतूनच फिरायचं असेल तर निवतीला जा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

डच वखार गावातच आहे. सोळाशे तीसच्या दशकात डच इथे आले, त्यांची वखार बरीच वर्षं चालली, पुढे १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं. वखारीच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, झाडाझुडपात, राज्य संरक्षित स्मारक आहे. मी लहानपणापासून बघतेय, दरवेळी वाटतं की एवढी जुनी वास्तू नीट सांभाळली असती तर शाळेच्या सहली इथेच आल्या असत्या. पावसाळ्यात आत शिरू नका, साप असतात आणि दगड सुटलेले आहेत. बाहेरून बघा पण बघाच, सुरत आणि गोवा याच्यामधल्या समुद्रावर एकेकाळी कुणाकुणाचा डोळा होता ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

बाजारात इंग्रजांच्या काळातलं क्रॉफर्ड मार्केट आहे, हो, मुंबईसारखंच नाव. सकाळी जा. भाजीत तुम्हाला न ओळखता येणारं बरंच काही दिसेल, तवशी, लाल भाजी, कोवळा फणस, आणि मार्च ते मे मध्ये ओले काजूगर. ओले काजूगर म्हणजे बियांमधून हाताने सोललेले, सोलताना चिकाने बोटं जळतात, म्हणून महाग असतात, त्यात भाव करायला जाऊ नका. घरी नेऊन उसळ करा, ओलं खोबरं, थोडा गरम मसाला, बास. किंवा राहता तिथल्या काकूंना आणून द्या, त्या करून देतात.

माशांचं बोलते. तुम्ही सुरमई म्हणता त्याला इथे इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां, खेकड्यांना कुर्ल्यो. बाहेरचे लोक येऊन नुसती इसवण आणि पापलेट मागतात, आणि ते महाग पडलं की म्हणतात वेंगुर्ल्यात लुटतात. अहो बांगडा खा ना! तिरफळं घालून केलेला बांगडा हा आमच्याकडचा खरा मासा, ताजा असला तर त्याच्यापुढे इसवण फिकी. पेडवे, तारली, मुडदुशे, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) सुकी, हे विचारा, स्वस्त असतं आणि घरचं लागतं. खानावळीत शिरल्यावर "आज काय ताजं आहे" एवढंच विचारायचं आणि सांगतील ते घ्यायचं. सोबत उकड्या तांदळाचा भात मिळाला तर तोच घ्या. एक लक्षात ठेवा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात मिळतं ते बर्फातलं, बाहेरून आलेलं, नाहीतर खाडीतलं. सोमवारी बरीच घरं मासे खात नाहीत त्यामुळे बाजार थंड असतो, आणि श्रावणात तर विचारूच नका. शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, आंबोळी, घावणे, खतखतं (बऱ्याच भाज्या एकत्र करून केलेलं), फणसाची भाजी, आणि गोड म्हणून नारळाच्या रसातले शिरवाळे, हे एक दिवस आधी सांगून ठेवलं तर करून देतात. आयत्या वेळी मागितलं तर पनीर येणार, दोष त्यांचा नाही, तांदूळ भिजवायला वेळ लागतो.

फळ संशोधन केंद्र बहुतेक लोकांच्या यादीत नसतं, माझ्या यादीत वर आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं हे केंद्र आहे, १९५७ पासूनचं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती इथेच तयार झाल्या आणि आज कोकणातच काय, बाहेरच्या राज्यांत पण लावल्या जातात. तुमच्याकडे गावाला जमीन असेल तर जूनच्या सुमारास इथून आंबा-काजूची कलमं घेता येतात, चौकशी करून जा, ऑफिसच्या वेळेतच. माझ्या भावाने आमच्या परड्यात लावलेली कलमं तिथलीच, आणि दरवर्षी मी पुण्याला नेते ते काजू पण त्याच झाडांचे.

मांडवी खाडीत कांदळवन सफारी आहे. गावातल्या बायकांच्या स्वामिनी बचत गटाने सुरू केली, होडी वल्हवत तुम्हाला तिवरांच्या मधून नेतात आणि कुठलं झाड काय, कुठला पक्षी कुठला, हे त्याच सांगतात. इंजिनाचा आवाज नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण ज्या बायका पूर्वी मासे विकून घर चालवायच्या त्यांनी स्वतः शिकून हे उभं केलं. भरती-ओहोटीवर वेळ ठरते, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि त्यांनी सकाळी सातची वेळ दिली तर सातला जा, साडेसातला पाणी उतरलेलं असेल तर त्या काय करणार.

स्वच्छतेचं पण सांगायला हवं. वेंगुर्ला नगरपरिषद १८७६ ची, गाव लहान, २०११ च्या जनगणनेत साडेबारा हजारांच्या आत लोकवस्ती, पण कचरा वेगळा करण्यात या गावाचं नाव राज्यभर झालंय, कचरा डेपो बघायला बाहेरगावची माणसं येतात! त्यामुळे कृपा करून किनाऱ्यावर बाटल्या टाकू नका. चिप्सची पाकिटं, डायपर, सगळं पिशवीत भरून परत आणा आणि राहता तिथे ओला-सुका वेगळा करून द्या, तिथे सांगतात कसं ते. किनाऱ्यावर गाडी घालायची तर अजिबात नाही. गाडी रुतते आणि मग भरती येते हे एक, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, ऑलिव्ह रिडले कासवं आमच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. गावाच्या उत्तरेला वायंगणीचा किनारा त्यासाठी ओळखला जातो, तिथल्या लोकांनी स्वतः घरटी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणार असाल तर पिल्लं सोडणार आहेत का ते विचारा, पहाटे किंवा सूर्य कलल्यावर सोडतात, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही, रांगेच्या मागे उभं राहून बघायचं.

आता दुसरा दिवस, शिरोड्याची बाजू. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला एकच रस्ता धरायचा, उभादांडा, मोचेमाड, टांक, आरवली, शिरोडा, रेडी, सगळं ओळीने येतं, वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये. सकाळी आठला निघा. मोचेमाडच्या घाटीत गाडी बाजूला घेऊन थांबा, खाली नदी समुद्राला मिळताना दिसते, माडांची रांग, होड्या, मी शंभर वेळा बघितलं असेल पण तिथून न थांबता जाववत नाही. रस्ता अरुंद आहे आणि वळण आहे, एसटी जोरात येते, म्हणून गाडी नीट लावा.

आरवलीला वेतोबा. माणसापेक्षा उंच मूर्ती, उभी, आणि देवळात मोठमोठ्या चामड्याच्या चपला ठेवलेल्या असतात. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा, म्हणून नवस फेडायला लोक नव्या चपला आणतात, आणि केळ्यांचे घड. मुंबई, गोवा, कर्नाटक, कुठून कुठून माणसं येतात. माझ्या आईच्या प्रत्येक चिंतेचं औषध वेतोबा आहे, नातवाची परीक्षा असो नाहीतर माझी नोकरी. शेजारी सातेरीचं देऊळ आहे. सातेरी आमच्याकडे वारुळाच्या रूपात पुजतात, त्यामुळे काही देवळांत गाभाऱ्यात मूर्तीऐवजी वारूळ दिसेल, ते जमिनीचं, गावाचं दैवत आहे. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. बर्म्युडा घालून देवळात जाऊ नका, कुणी बोलणार नाही कदाचित, पण वाईट वाटतं.

फेब्रुवारी ते एप्रिल या रस्त्यावर सुरंगीचा वास असतो. आरवली, आसोली या भागात सुरंगीची झाडं आहेत, बायका पहाटे कळ्या काढतात आणि वळेसर (गजरे) करून विकतात. सुरंगी दोन-तीन दिवस वास धरून राहते, वाळली तरी सुटत नाही. दिसली की घ्या, किंमत न विचारता घ्या. ती झाडावर चढून, एक एक कळी काढून केलेली असते.

शिरोड्याला मिठागरं अजून आहेत. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले होते, लाठ्या खाल्ल्या. आपल्याकडे दांडी सगळ्यांना माहीत असते, शिरोडा फारच थोड्यांना. मिठागरं बघायची तर उन्हाळ्यात, बांधावरून चालताना कडेकडेने चाला, आत पाय घालू नका, ते कुणाचं तरी पीक आहे. शिरोड्याच्याच शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, तिथे त्यांचं संग्रहालय आहे, शाळेच्या वेळेत विचारून बघता येतं. मग वेळागरला जेवण आणि सुरूच्या सावलीत आराम. उन्हं उतरली की रेडी. तिथला दोन हातांचा गणपती १९७६ मध्ये खाणीच्या कामात जमिनीत सापडला, रस्ते अजून लोहखनिजाच्या धुळीने लाल असतात, पांढरे कपडे नकोत. यशवंतगड पण रेडीलाच, वडा-पिंपळाच्या मुळांनी धरलेला, चढ फार नाही, पाण्याची बाटली घेऊन जा कारण वर काही मिळत नाही.

रेडीहून पुढे तेरेखोलचा किल्ला, तो गोव्यात मोडतो, आणि तिथून फेरीबोटीने केरीला उतरलात की झालात गोव्यात. किंवा आरोंद्याहून किरणपाणीचा पूल. गोव्याहून परत येताना दारूच्या बाटल्या आणू नका, परवान्याशिवाय आणणं गुन्हा आहे आणि इन्सुलीला गाड्या तपासतात, दरवर्षी कुणाची ना कुणाची सहल पोलीस स्टेशनात संपते.

तिसरा दिवस असेल तर उत्तरेला जा. केळूस, म्हापण, परुळे करत निवती आणि भोगवे. निवतीला छोटा किल्ला आहे, वरून दोन्ही बाजूंचा किनारा दिसतो, आणि खालून होड्या जातात त्या डॉल्फिन आणि ऊन पडलं की सोनेरी दिसणारे खडक दाखवतात. लाइफ जॅकेट दिल्याशिवाय होडीत बसू नका, मोठ्या माणसांनी पण. याच रस्त्याने पुढे मालवण, दीड तासाच्या आत पोचता. आणि कुडाळकडून परत जाणाऱ्यांनी पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायच्या कथा) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. गायींच्या गोठ्यात त्यांच्या घरच्यांनी संग्रहालय उभं केलंय, मुलांना तासभर तिथून हलवता येत नाही.

फिरण्यासाठी स्वतःची गाडी नसेल तर गावातच बाजाराजवळ किंवा कॅम्प भागात राहा, कारण एसटी चांगली असली तरी आडगावची शेवटची गाडी संध्याकाळी लवकर असते, डेपोत जाऊन परतीची वेळ विचारूनच निघा. दिवसभरासाठी रिक्षा ठरवणं परवडतं, चौघांत तर नक्की, भाडं आधी बोलून घ्या. शांतता हवी तर उभादांडा-सागरेश्वरकडची घरगुती राहण्याची ठिकाणं बघा. बुकिंग करताना एसी आहे का यापेक्षा जेवण घरी करतात का, पाणी पुरेसं आहे का (मे महिन्यात हा प्रश्न खरा आहे), आणि मच्छरदाणी आहे का ते विचारा. यूपीआय बाजारात सगळीकडे चालतं, पण मासेवाल्या मावशी, देऊळ, एसटी यांच्यासाठी सुटे पैसे हवेतच, आणि आडबाजूला रेंज जाते.

कधी यायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि जत्रेत दशावतार, रात्री उशिरा चालू होतो तो उजाडेपर्यंत, मोचेमाडचं दशावतार मंडळ तर प्रसिद्धच आहे. जवळपास कुठल्या गावात जत्रा आहे ते चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल, तिकीट नसतं, बसायला काहीतरी आणि अंगावर शाल घेऊन जा. एप्रिल-मे मध्ये घाम निघतो, पण आंबा, काजू, जांभळं, करवंदं त्याच वेळी. ऑक्टोबरचं ऊन मला स्वतःला सोसत नाही. आणि गणपतीत फक्त फिरायला म्हणून येऊ नका, सगळं गाव घरात गुंतलेलं असतं, खानावळी बंद, गाड्या भरलेल्या. कुणी घरी बोलावलं तर मात्र जरूर या, त्या दिवसांत कोकणातलं घर बघायचं भाग्य आहे.

परत निघताना काजू, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस) घ्यायचं असतं सगळ्यांना. काजू घेताना फोडून चव बघा, खवट वास आला तर सोडून द्या, सालीसकट भाजलेले जास्त टिकतात. आगळ बाटलीत घेणार असाल तर बिनसाखरेचं मागा, नाहीतर सरबताचं हातात येतं आणि मग सोलकढी गोड होते. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते बघा, वर पिशवी बांधा, आणि रेल्वेत वरच्या बर्थवर ठेवू नका, आगळाचा डाग कपड्यावरून जात नाही.